पैज आणि निकाल यांच्यामधला वेळ

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही संभाव्यतेवर बोलत होतो. नाणी, फासे, पत्त्यांचा जोड अशी नेहमीची उदाहरणे झाली. शेवटी एका माध्यमिक शाळेतल्या बाई उठून म्हणाल्या, "सर, नाण्याचे ठीक आहे. पण माझ्या दहावीच्या वर्गातली मुले वेगळेच विचारतात. ती म्हणतात, क्रिकेट आम्हांला कळते, पुढच्या षटकात काय होणार याचा अंदाज आम्ही बांधू शकतो. मग त्यावर पैसे लावले तर तो जुगार कसा? ते कौशल्यच नाही का? याला मी काय उत्तर देऊ?"

'जुगार वाईट असतो' एवढे उत्तर बाईंना पुरेसे वाटत नव्हते. आम्हांलाही वाटले नाही. चहाची वेळ झाली होती, म्हणून काहीतरी बोलून आम्ही सुटका करून घेतली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. हा लेख म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तरासाठी थोडे इतिहासात शिरावे लागते. खेळांवर पैजा लावणे ही गोष्ट जुनीच आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत यंत्र, तार, दूरध्वनी, दूरचित्रवाणी, संगणक आणि मोबाइल अशी एकेक साधने या व्यवहारात शिरली. प्रत्येक साधनाने काय बदलले आणि काय मुळीच बदलले नाही, हे नीट पाहिले की मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते.

५०० ला १

सुरुवात क्रिकेटपासूनच करू. जुलै १९८१. इंग्लंडमधील हेडिंग्ले मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना चालू होता. इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की ओढवली होती. मैदानावरील विद्युत् धावफलकावर लॅडब्रोक्स या पैजा स्वीकारणाऱ्या कंपनीचा भाव झळकला : इंग्लंडचा विजय, ५०० ला १. हा भाव ठरवणारे गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे एके काळचे यष्टिरक्षक गॉडफ्रे इव्हान्स. म्हणजे क्रिकेट कळत नव्हते अशातला भाग नाही!

ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली आणि रॉडनी मार्श यांना हा भाव गंमतीचा वाटला. दोन भिडूंच्या सामन्यात एकाला ५०० ला १? त्यांनी संघाच्या बसच्या चालकाकरवी अनुक्रमे १० आणि ५ पौंड इंग्लंडवर, म्हणजे स्वतःच्याच संघाविरुद्ध, लावले. पुढे काय झाले हे क्रिकेटप्रेमींना पाठ आहे. बोथमने नाबाद १४९ धावा केल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि १३० धावांचे लक्ष्य असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ १११ धावांत गारद झाला. लिलीला ५,००० आणि मार्शला २,५०० पौंड मिळाले. त्यांनी सामना हेतुतः सोडला असा आरोप कोणी गंभीरपणे केला नाही. पण खेळाडूने स्वतःच्या सामन्यावर पैज लावणे आज कोणत्याही क्रिकेट मंडळाला चालणार नाही.

या प्रसंगात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, भाव म्हणजे काय? '५०० ला १' याचा अर्थ भाव देणाऱ्याच्या मते ती घटना घडण्याची संभाव्यता ५०१ मध्ये १, किंबहुना त्याहूनही कमी. भाव ही संभाव्यताच असते, फक्त पैशांच्या भाषेत लिहिलेली. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पैज लावली गेली आणि तिचा निकाल लागला यांमध्ये काही दिवस गेले. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या लेखाचा धागा तोच आहे.

बुकीचे गणित

पैज म्हटले की दोन माणसे एकमेकांशी पैज लावतात असे चित्र डोळ्यांसमोर येते. पूर्वी तसेच होते. इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे घोड्यांच्या शर्यतींत अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑग्डेन नावाच्या माणसाने प्रत्येक घोड्याला वेगळा भाव देऊन सर्वांच्याच पैजा स्वीकारायला सुरुवात केली असे सांगतात. कोणाची पैज काय भावाने घेतली हे वहीत लिहायचे, म्हणून अशा माणसाला इंग्रजीत 'बुकमेकर' म्हणू लागले. आपण त्याला बुकी म्हणतो.

गणित मात्र आधीच तयार होते. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रे लिहून एक कोडे सोडवले होते : पैसे लावून सुरू केलेला खेळ अर्धवट थांबला, तर जमलेल्या पैशांची न्याय्य वाटणी कशी करावी? संभाव्यतेचे शास्त्र या पत्रांतून आकाराला आले. खेळ चालू असताना मध्येच त्याची 'किंमत' काय, हाच तो प्रश्न. तीनशे वर्षांनी संगणकांनी दर चेंडूला जो प्रश्न सोडवायला घेतला, तो नेमका हाच, हे आपण पुढे पाहू.

बुकी पैसे कसे मिळवतो? समजा, दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत. न्याय्य भाव असा हवा की १०० रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर स्वतःचे १०० धरून २०० रुपये परत मिळावेत. बुकी दोन्ही बाजूंना १९० देऊ करतो. एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला १०० रुपये लागले, तर त्याच्याकडे २०० जमा होतात. कोणीही जिंकले तरी १९० द्यायचे. उरलेले दहा रुपये, म्हणजे जमेच्या ५ टक्के, त्याचे. सामना कोण जिंकतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला फक्त दोन्ही पारडी समतोल ठेवायची असतात. एका बाजूला गर्दी झाली की तिथला भाव तो उतरवतो आणि दुसरीकडचा चढवतो.

हा ५ टक्क्यांचा आकडा उदाहरणादाखल घेतला आहे. खेळाप्रमाणे आणि जागेप्रमाणे तो बदलतो. पण तो शून्य कधीच नसतो.

तारा, वजने आणि कप्प्या

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ऑले या उद्योजकाने बुकीलाच फाटा देणारी पद्धत काढली. (हाच गृहस्थ पुढे पॅरिसच्या 'मुलाँ रूज' या प्रसिद्ध नाट्यगृहाचा एक संस्थापक झाला.) सर्वांचे पैसे एकत्र जमा करायचे, व्यवस्थापनाचा ठरावीक हिस्सा काढून घ्यायचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या पैजांच्या प्रमाणात वाटायची. समजा, 'अ' घोड्यावर ५,०००, 'ब' वर ३,००० आणि 'क' वर २,००० रुपये लागले. एकूण १०,०००. त्यातले २० टक्के कापले की ८,००० उरतात. 'अ' जिंकला तर रुपयाला १.६०, 'ब' जिंकला तर सुमारे २.६७ आणि 'क' जिंकला तर ४ रुपये मिळतील. इथे भाव कोणी ठरवत नाही. लोकांच्या पैजांतूनच तो तयार होतो.

अडचण होती ती बेरजेची. पन्नास खिडक्यांवर तिकिटे विकली जात असताना प्रत्येक घोड्यावर या क्षणाला एकूण किती पैसे आहेत, हे कोण मोजणार? हाताने मोजायला वेळ लागे, चुका होत, लबाडीलाही वाव होता. ही अडचण सोडवणारा माणूस जॉर्ज ज्युलियस. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूझीलंडमध्ये शिकलेला अभियंता. त्याचे वडील बिशप होते. त्याने मुळात निवडणुकीतील मते मोजण्यासाठी यंत्राचा आराखडा केला होता. सरकारने तो स्वीकारला नाही. तेव्हा तीच कल्पना त्याने शर्यतींसाठी वळवली. १९१३ साली ऑकलंडच्या एलरस्ली रेसकोर्सवर त्याचे पहिले यंत्र बसले. पियानोच्या तारा, कप्प्या, साखळ्या आणि जुन्या घड्याळात असतात तशी खाली उतरणारी वजने यांवर ते चाले, विजेवर नव्हे. एखाद्या खोलीएवढा तो पसारा तीस खिडक्यांवरील विक्रीची बेरीज एकाच वेळी करून समोरच्या फलकावर दाखवी. याच यंत्राला 'टोटलायझेटर' किंवा 'टोट' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे.

एकाच वेळी अनेक ठिकाणांहून माहिती घेऊन ताबडतोब बेरीज दाखवणारे यंत्र, असे म्हटले की आपल्याला काय आठवते? आजच्या संगणकांच्या जाळ्याचे ते पूर्वरूपच होते. ज्युलियस पुढे १९२६ साली ऑस्ट्रेलियाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचा पहिला अध्यक्ष झाला. आणखी एक धागा अमेरिकेतला आहे. एकर्ट आणि मॉक्ली हे 'एनियाक' या प्रसिद्ध संगणकाचे निर्माते १९४८ च्या सुमारास व्यापारी संगणक बनवण्याच्या खटपटीत होते आणि पैशांवाचून अडले होते. त्यांना पाच लाख डॉलर दिले ते अमेरिकन टोटलायझेटर कंपनीने. तिथल्या हॅरी स्ट्राउस यांना या यंत्राचे मोल कळले होते. १९४९ साली स्ट्राउस विमान अपघातात गेले आणि हा आधार सुटला. एकर्ट-मॉक्ली यांची कंपनी दुसऱ्या उद्योगाने विकत घेतली, आणि 'युनिव्हॅक' हा त्यांचा संगणक १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे गेला. संगणकाच्या इतिहासात रेसकोर्सचा पैसा असा मिसळलेला आहे.

बातमी आधी कोणाला कळते?

टोटने बेरीज वेगवान केली, पण त्यासाठी माणसाने रेसकोर्सवर असायला हवे होते. गावात बसून पैज लावणे शक्य केले ते तारेने. शर्यतीचा निकाल तारेने शहरोशहरी जाऊ लागला आणि बुकीच्या अड्ड्यावर बसल्या बसल्या लोक पैजा लावू लागले. त्याबरोबरच एक नवी लबाडी जन्माला आली. शर्यत संपली आहे, पण निकाल अड्ड्यावर पोहोचलेला नाही, अशी दोन-चार मिनिटे मधे असत. ज्याच्याकडे निकाल त्या आधी पोहोचे, तो जिंकलेल्या घोड्यावर शांतपणे पैसे लावी. १९७३ सालचा 'द स्टिंग' हा हॉलिवूडचा चित्रपट याच विलंबाच्या कल्पनेवर रचलेला आहे. अमेरिकेत या तारांची मक्तेदारी इतकी फायद्याची झाली, की शेवटी १९६१ साली राज्याराज्यांतून तारेने पैजांचा व्यवहार करण्याविरुद्ध तेथील संघ सरकारला कायदा करावा लागला.

आपल्याकडचे उदाहरण खेळाचे नाही, पण तारेचेच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव टेलिप्रिंटरने मुंबईला येत. या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे आकडे येणे थांबले, तेव्हा सट्टेवाल्यांनी मटक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. 'मटका' हा शब्द तिथून आला. गिरणगावातल्या कित्येक घरांचा पगार या मडक्यात गेला, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

तारेच्या या कथेतून विज्ञानालाही एक फळ मिळाले. १९५६ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील जॉन केली या शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक कल्पित जुगारी घेतला. या जुगाऱ्याकडे एक खाजगी तार आहे आणि तीवरून निकाल त्याला इतरांच्या आधी कळतो, पण तारेत खरखर असल्यामुळे काही वेळा चुकीचा कळतो. अशा माणसाने आपल्या रकमेचा किती भाग लावावा? केलीने दाखवले, की त्याच्या रकमेची वाढ तारेवरून मिळणाऱ्या खऱ्या माहितीइतकीच होऊ शकते. क्लॉड शॅनन यांनी माहितीचे जे माप शोधले होते, तेच इथे उपयोगी पडले. याची दुसरी बाजू आपल्या बाईंच्या वर्गासाठी फार महत्त्वाची आहे. तारेतून काहीच माहिती येत नसेल, म्हणजे इतरांना माहीत नाही असे आपल्याला काहीच माहीत नसेल, आणि वरून बुकी आपला हिस्सा कापत असेल, तर लावण्याची सर्वांत योग्य रक्कम शून्य!

'मला क्रिकेट कळते' एवढे म्हणून म्हणूनच भागत नाही. भावात जेवढे आधीच आले आहे त्याहून जास्त कळले पाहिजे.

दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी

ब्रिटनमध्ये बराच काळ एक विचित्र स्थिती होती. श्रीमंत माणूस घरबसल्या दूरध्वनीवरून उधारीने पैज लावू शके, ते कायदेशीर होते. पण कामगाराने रस्त्यावर रोख पैसे देऊन लावलेली पैज १९०६ च्या कायद्याने गुन्हा ठरे. १ मे १९६१ पासून तिथे पैजांची दुकाने उघडण्यास परवानगी मिळाली. पण दुकानात लोकांनी रेंगाळू नये म्हणून ती मुद्दाम रूक्ष ठेवावीत असा दंडक होता. दूरचित्रवाणी संच लावण्याची मुभा मिळाली ती थेट १९८६ साली. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट उमजलेली होती : माणूस जितका वेळ समोर बसेल तितक्या वेळा तो लावेल.

भारतात १९८३ चा विश्वचषक, त्यानंतर पसरलेली दूरचित्रवाणी आणि १९९० च्या दशकातील उपग्रह वाहिन्या यांच्याबरोबर क्रिकेटवरचा चोरटा सट्टा फोफावला. चित्र दूरचित्रवाणीवर दिसे, भाव दूरध्वनीवर कळे. मग भ्रमणध्वनी आला आणि अड्ड्याला पत्ताच उरला नाही. आपले जुने कायदे, म्हणजे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि १८८७ चा मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा, हे 'जुगाराचे घर' डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. धाड घालायची तर घर हवे. खिशातल्या फोनवर धाड कशी घालणार? मात्र त्याच फोनने पुरावाही दिला. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दूरध्वनीवरील संभाषणे ऐकून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए याचे सट्टेबाजांशी असलेले संबंध उघड केले. पुढे त्याने पैसे घेतल्याची कबुली दिली आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली.

संगणक कोणाच्या बाजूने?

आता मुलांच्या 'कौशल्य' या मुद्द्याकडे वळू. कौशल्याने पैज जिंकता येते का? प्रामाणिक उत्तर असे, की येते. पण कशी ते पाहा. १९८० च्या दशकात बिल बेंटर हा अमेरिकन माणूस हाँगकाँगला गेला. तिथल्या शर्यतींत ठरावीक घोडे पुन्हा पुन्हा धावत आणि नोंदी उत्तम ठेवलेल्या असत. घोड्याची पूर्वीची कामगिरी, वजन, विश्रांतीचे दिवस, स्वार अशा अनेक घटकांचा संगणकावर सांख्यिकी अभ्यास करून त्याने प्रत्येक घोड्याची संभाव्यता काढली. पहिली काही वर्षे यश आले नाही. टोटवरच्या भावातही लोकांची माहिती साठलेली असते, हे लक्षात घेऊन त्याने आपले गणित आणि लोकांचा भाव यांचा मेळ घातला, तेव्हा यश आले. १९९४ साली त्याने ही पद्धत निबंधरूपाने प्रसिद्धही केली. म्हणजे कौशल्य आहे. पण ते वर्षानुवर्षांच्या नोंदी, संगणक, भांडवल आणि पूर्णवेळ श्रम यांचे कौशल्य आहे. सामना पाहता पाहता सुचलेला अंदाज म्हणजे ते कौशल्य नव्हे.

पुढे महाजाल आले. १९९४ साली कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा या छोट्या बेटाने अशा कंपन्यांना परवाने देण्याचा मार्ग खुला केला आणि पैज देशाच्या सीमा ओलांडून गेली. २००० साली लंडनमध्ये अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी 'बेटफेअर' सुरू केले. तिथे शेअरबाजाराप्रमाणे एक माणूस 'हे घडेल' म्हणून आणि दुसरा 'घडणार नाही' म्हणून भाव लावतो आणि संगणक त्यांची गाठ घालून देतो. कंपनी फक्त दलाली घेते. अमेरिकेत खेळांवरच्या पैजा बहुतेक राज्यांत रोखणारा १९९२ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द ठरवला आणि अनेक राज्यांत हा व्यवहार मोबाइलवर आला.

पण सर्वांत मोठा बदल झाला तो सामना चालू असतानाच्या पैजांनी. पूर्वी 'सामना कोण जिंकेल?' हा एकच प्रश्न असे. आता पुढच्या षटकात किती धावा, पुढचा चेंडू सीमापार जाईल का, पुढचा गुण कोणाचा, अशा शेकडो प्रश्नांचे भाव संगणक क्षणोक्षणी बदलतो. पास्काल आणि फर्मा यांचे अर्धवट खेळाचे कोडे तो चेंडूगणिक सोडवत असतो.

इथे तारेच्या काळातला तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : बातमी आधी कोणाला कळते? आपण ज्याला 'थेट प्रक्षेपण' म्हणतो ते कितपत थेट असते? भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायचा म्हणजे सुमारे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. त्यात चित्राचे संकेतांत रूपांतर, ते पुन्हा उलगडणे आणि मोबाइलवर पाहत असल्यास महाजालावरची साठवण-पाठवण यांची भर पडते. एकूण विलंब कित्येक सेकंदांचा, कधी अर्ध्या मिनिटाचाही होतो. उलट भाव ठरवणाऱ्या कंपनीकडे मैदानावरून थेट गुणलेखन येत असते. म्हणजे पलंगावर बसून 'आता चौकार जाणार' असे म्हणणाऱ्या मुलाने पाहिलेला चेंडू भाव ठरवणाऱ्याच्या दृष्टीने जुना झालेला असतो.

या काही सेकंदांसाठी काय काय घडते! जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नच्या टेनिस स्पर्धेत एका प्रेक्षकाला अटक झाली. कपड्यांत दडवलेल्या उपकरणाने तो प्रत्येक गुण तत्क्षणी बाहेर कळवत होता. (पुढे त्याच्यावरचा खटला मागे घेण्यात आला.) टेनिसमधील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ च्या अहवालात स्पष्ट म्हटले, की छोट्या स्पर्धांतील गुणांची थेट माहिती पैजांसाठी विकायला सुरुवात झाल्यापासून प्रश्न चिघळला. त्या स्पर्धांत खेळाडूंची कमाई तुटपुंजी आणि प्रेक्षक जवळजवळ नाहीत. पण जगभर पैजा मात्र लागतात. आणि २०२२ साली गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावात तर कमाल झाली. शेतमजुरांना रोजावर आणून, शेतात दिवे आणि कॅमेरे लावून, प्रेक्षकांचा आवाज ध्वनिमुद्रणातून सोडून एक बनावट 'आयपीएल' खेळवली गेली. ते चित्रण यूट्यूबवर पाहून रशियातले लोक पैजा लावत होते! पंच चौकार-षटकारांचा हुकूम घेऊन तो खेळाडूंना देत होता. पैजेसाठी खेळ असतो, की खेळासाठी पैज, हा प्रश्नच तिथे उरला नव्हता.

न बदललेले ५ टक्के

आता आपल्या धाग्याची दोन्ही टोके जोडू. लिलीच्या पैजेचा निकाल काही दिवसांनी लागला. रेसकोर्सवर तो अर्ध्या तासाने लागतो. टी-ट्वेंटी सामन्यात षटकाला चार मिनिटे आणि चेंडूला पाऊण मिनिट लागते. साधनांनी पैज आणि निकाल यांच्यामधला वेळ एकसारखा आकसत आणला. बुकीचा हिस्सा मात्र जिथल्या तिथे आहे. तो प्रत्येक पैजेमागे कापला जातो.

समजा, एका गावातल्या लोकांनी मिळून १०,००० रुपये या खेळात आणले, जिंकलेली रक्कम ते पुन्हा लावतात आणि प्रत्येक फेरीत ५ टक्के कापले जातात. एका फेरीनंतर सरासरी ९,५०० उरतील, दोन फेऱ्यांनंतर ९,०२५. चौदाव्या फेरीनंतर निम्म्याहून कमी, ४,८७७. आठवड्याला एक पैज असेल, तर इथवर यायला तीन महिने लागतील. पण एका टी-ट्वेंटी सामन्यातल्या चाळीसही षटकांवर सगळी रक्कम फिरवली, तर एका संध्याकाळी १,२८५ रुपये उरतील. आणि २४० चेंडूंवर फिरवली तर? ०.९५ चा २४० वा घात काढून पाहा. दहा हजारांतले साधारण साडेचार पैसे उरतात.

भाव तोच, हिस्सा तोच. फक्त वेग बदलला. चक्रवाढीचा हा नियम मुलांनी व्याजाच्या धड्यात शिकलेला असतो. इथे तो उलट्या दिशेने चालतो. शिवाय निकाल लगेच लागणारा जुगार सुटायला अधिक कठीण, हे मानसशास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. हरल्याची खंत बसायच्या आतच पुढचा चेंडू पडतो.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा कौशल्याचा खेळ मानला. पुढे मोबाइलवर संघ निवडून पैसे लावण्याच्या खेळांनीही हाच मुद्दा न्यायालयांत मांडला, आणि जाहिरातींमुळे 'कौशल्य' हा शब्द मुलांच्या तोंडी बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीची पैशांची देवघेव यांवर बंदी घातली. परंतु तारेपासूनचा इतिहास पाहिला तर एवढे दिसते, की साधने कायद्याच्या पुढे धावतात आणि सर्व्हर परदेशातही असू शकतो. वर्गातले काम म्हणून संपत नाही.

चिंचोक्यांचा प्रयोग

एकेचाळीस मुलांच्या वर्गात हा प्रयोग एका तासात होतो. प्रत्येकाला १०० चिंचोके द्या. (नसतील तर वहीत जमाखर्च मांडावा.) एका मुलीला बँक करा. दर फेरीला निम्म्या मुलांनी छापावर, निम्म्यांनी काट्यावर दहा-दहा चिंचोके लावायचे. बाजू दर फेरीला बदलता येईल, फक्त संख्या वीस-वीस राहावी. नाणे उडवा. जिंकणाऱ्याला त्याचे दहा आणि वर नऊ मिळतील. हरणाऱ्याचे दहा बँकेत. अशा दहा फेऱ्या करा आणि प्रत्येकाचा आलेख काढा.

कोणाकडे दीडशेच्या आसपास चिंचोके झालेले असतील. तो वर्गभर सांगत सुटेल की मला नाण्याचा अंदाज येतो. कोणाकडे पन्नासच उरतील. तो गप्प बसेल. या गप्प बसण्याकडे मुलांचे लक्ष वेधावे. बाहेरच्या जगातही जिंकणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. आता बँकेचे चिंचोके मोजा. दर फेरीला वीस हरणाऱ्यांचे २०० आले आणि वीस जिंकणाऱ्यांना १८० गेले. दहा फेऱ्यांत बरोबर २००. नाणे कसेही पडले तरी हा आकडा बदलत नाही. मग विचारा, याच तासात दहाऐवजी चाळीस फेऱ्या झाल्या असत्या तर? मुले स्वतःच सांगतील.

एखाद्या मुलाने प्रयोगानंतर थांबून हळूच काही सांगितले, घरातल्या कोणाच्या कर्जाचे किंवा स्वतःच्या मोबाइलचे, तर ते शांतपणे ऐकून घ्यावे, रागावू नये. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, हेही शिक्षकांना माहीत असावे.

तर बाई, तुमच्या मुलांना आमचे उत्तर असे. क्रिकेट खेळणे हे कौशल्य आहे, क्रिकेट समजणे हेही कौशल्य आहे. पण पैज क्रिकेटशी लागत नाही. ती अशा कोणाशी लागते, ज्याला चेंडू तुमच्या आधी दिसतो आणि जो तुम्ही जिंकलात तरी, हरलात तरी, दर वेळी आपला हिस्सा कापून घेतो. पूर्वी तो शनिवार-रविवारी भेटायचा. आता दर पाऊण मिनिटाला भेटतो. त्याच्या डब्यातले चिंचोके एकदा मुलांना मोजू द्या.